वादळ पार्सल मिळत नाही

हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर माझा धंदा मिक्सर दुरुस्तीचा, लिहिण्याचा नाही. दोन्ही कुठं शिकलो नाही. मिक्सर उघडून बघत बघत शिकलो, आणि लिहिणं अजून उघडून बघायचंय. दुसरं म्हणजे या सगळ्यात माझा एक फोटो आहे, आणि ज्या गोष्टीत आपला तसला फोटो असतो ती गोष्ट माणूस स्वतःहून सांगत नाही. पण आमच्या इमारतीत ती आता चार प्रकारांनी सांगितली जाते आणि चारही प्रकारांत मी निळा आहे. तेव्हा हा पाचवा प्रकार माझा. यातही मी निळाच आहे, पण निदान का ते कळेल.

मूळ प्रश्न बुचचा. बुच माझा शाळेपासूनचा मित्र. वडिलांचं सोड्याचं दुकान, म्हणून हा बुच. खरं नाव फक्त त्याची आई वापरते, तेही रागावली तरच. दुकान म्हणजे कोपऱ्यावर दोन इमारतींच्या मध्ये कपाटाएवढी जागा, त्यात एक सोडा मशीन, गॅसचा सिलिंडर आणि बुच. वडील गेल्यावर हे तिन्ही तसंच राहिलं. गिऱ्हाईक तेवढं राहिलं नाही. आता कुठल्याही दुकानात गार बाटली मिळते, सोड्यासाठी कोपऱ्यापर्यंत कोण येतो?

बुचच्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे भाऊजी, टायरचे व्यापारी. त्यांनी सरळ सांगितलं, महिनाअखेरीला मशीन भंगारवाल्याला दे आणि माझ्या दुकानात येऊन बस. भाऊजी माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असते तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. बुच फार गयावया करायला लागल्यावर ते म्हणाले, बरं, एक तरी अशी चव काढून दाखव की माणूस वाट वाकडी करून तुझ्या दुकानात येईल, मग पुढचं बोलू.

त्या संध्याकाळी बुच मशीन पुसत होता. ते आधीच पुसलेलं होतं. मला म्हणाला, "टायरचं काही नाही रे. पण टायरला वास असतो, चव नसते."

आता वाट वाकडी करायला लावणारी चव जगात कुठं आहे, तर ती आहे हायवेवरच्या एका रेस्टॉरंटात. तिचं नाव 'निळं वादळ'. आमच्या औषधाच्या दुकानदारानं ती प्यायली होती आणि तेव्हापासून तो माणूस बदलला होता. चव कशी आहे विचारलं की डोळे मिटायचा, काउंटरवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, सांगता येत नाही, प्यायलाच पाहिजे. गिऱ्हाईक खोकत समोर उभं असायचं. बाटलीत ती मिळत नाही, दुसऱ्या गावात मिळत नाही, घरी नेता येत नाही. त्या रेस्टॉरंटात, त्यांच्याच टेबलाला बसून प्यायची.

इथं माझा प्रवेश. माझ्या जिभेला आमच्या भागात मान आहे. चहा कुठल्या पातेल्यात केला हे मी सांगू शकतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चहाची पूड बदलली हे मी पहिल्या घोटाला ओळखलं होतं. काकांना ते माहीत नव्हतं, आणि नंतर त्या घरात जे झालं त्याला माझी जीभ जबाबदार नाही. तर बेत असा ठरला की आपण जायचं, मी वादळ प्यायचं, त्यात काय काय आहे ते सुटं करून सांगायचं, आणि बुचनं ते आपल्या कोपऱ्यावर जुळवायचं. मला यात काही चूक दिसली नाही. मिक्सरही मी असाच शिकलो.

बेत गुप्त होता. मग आईनं शेजारून थर्मास मागून आणला आणि तो गुप्त राहिला नाही. वरच्या काकू म्हणाल्या, आठवडाभर तिखट खाऊ नकोस, जीभ कोरी राहायला हवी. औषधवाल्यानं सांगितलं, मीठही सोड. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, सकाळी कोमट पाणी तोंडात धरून बस, बोलू नकोस. आई म्हणाली, सगळे वेडे आहेत, उपाशी जीभ खोटं बोलते, पोटभर खा. मी कुणाचंच मन मोडलं नाही. आठवडाभर बिनतिखटाचं, बिनमिठाचं, न बोलता पोटभर जेवलो.

राहिला गाडीचा प्रश्न. आमच्या इमारतीत गाडी वजनकाकांची. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे अजूनही कुणी त्यांना पिशवी दिली की ते आधी ती हातात तोलतात आणि मग आभार मानतात. गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. रोज कव्हर काढतात, पुसतात, कव्हर घालतात. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे. त्यावर बसलं की माणूस चिकटतो आणि उठताना सोलला जातो. बुचचं प्रकरण ऐकून काकांनी कव्हरची एक घडी सरळ केली. मग म्हणाले, गाडी देतो, पण चालवणार मी.

काकांनी गाडी फार जपून चालवली. म्हणजे आम्हाला एका ट्रॅक्टरनं मागं टाकलं. ट्रॅक्टरवाल्यानं वळून हात केला, काही अडचण आहे का, अशा अर्थी. काकांनीही हात केला, व्हा पुढं, अशा अर्थी. पेट्रोल पंपावर काकांनी पाच लिटरचं माप मागितलं. तसं माप मागून पेट्रोल मोजून घ्यायचा हक्क प्रत्येकाला असतो म्हणे. असेल. वापरताना मी फक्त काकांना बघितलं. माप शोधायला पंपवाल्यांना बराच वेळ लागला. ते मालकाच्या खोलीत छत्र्या ठेवायला वापरत होते. आमच्या मागं रांग लागली आणि रांगेतले लोक हॉर्न सोडून आमच्याबद्दल बोलायला लागले. मी तोंडात पाणी धरलेलं होतं, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. पेट्रोल बरोबर निघालं. काका थोडे नाराज झाले.

बुच सगळा वेळ मांडीवर थर्मास धरून बसला होता. एकदाच बोलला. म्हणाला, भाऊजींनी माझ्या मापाचा दुकानाचा शर्ट शिवायला टाकलाय, छातीवर टायरचं चित्र आहे.

रेस्टॉरंटात शिरल्यावर दारातच एक मोठा पडदा. ऑर्डर त्यावर द्यायची. सूप, ब्रेड, बटाट्याचे काप, सगळ्याची बटणं रंगीत. वादळाचं बटण तेवढं करडं. दाबलं तरी दबेना. मी दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं पडद्याच्या मागं बघायला लागलो तेव्हा काउंटरवरची मुलगी आली. तिनं शांतपणे सांगितलं की वादळ सुटं मिळत नाही, फक्त फॅमिली पॅकबरोबर मिळतं. फॅमिली म्हणजे आजी किंवा आजोबा एक, आई किंवा वडील एक, आणि मूल एक.

काकांनी मोजलं. आम्ही तिघंच होतो. काका आजोबा ठरले. बुचचं पोट जरा सुटलंय, तो वडील ठरला. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

मी बोटानं माझी मिशी दाखवली.

"सिस्टिम मिशी विचारत नाही सर," मुलगी म्हणाली. "फक्त वय विचारते. बारापर्यंत काहीही चालतं."

बुच नुसता थर्मास छातीशी धरून उभा राहिला. अशा वेळी मित्र म्हणून माणसाला फार विचार करता येत नाही. मी अकरा सांगितलं. बारा सांगायला मला लाज वाटली, उगाच ओढून ताणून वाटलं असतं.

मूल म्हटल्यावर मुलाचं सगळं आलं. उंच खुर्ची मी नाकारली. रंगीत खडू घेतले. कागदाचा मुकुट घ्यायचा नव्हता, पण मुकुट घातल्याशिवाय फोटो निघत नाही, फोटो निघाल्याशिवाय ऑर्डर पुढं सरकत नाही आणि ऑर्डर सरकल्याशिवाय वादळ येत नाही, असं मुलीनं समजावलं. तिचंही बरोबर होतं, तिला वरून तसं आलेलं होतं. मुकुटावर 'छोटा कप्तान' लिहिलेलं होतं. फोटो निघाला. तो दारातल्या पडद्यावर इतर छोट्या कप्तानांच्या रांगेत झळकायला लागला. सगळ्यात मिशीवाला मीच.

मग वादळ आलं. तीन उंच ग्लास, आत निळं, वर फेस. आजूबाजूच्या टेबलांवर लोक डोळे मिटून पीत होते. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ बायकोला सांगत होता की अर्धा दिवस गाडी चालवली, पण सार्थक झालं. मी ग्लास जवळ ओढला, मुकुट सावरला, आणि पहिला घोट घेणार एवढ्यात काका म्हणाले, थांब.

काकांनी पिशवीतून एक पितळी माप काढलं. त्यावर खात्याचा शिक्का आहे. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी त्यांना ते भेट दिलं होतं. लोकांना घड्याळ देतात. काकांनी माझा ग्लास मापात ओतला, फेस बसेपर्यंत वाट बघितली, वाकून रेषा बघितली, आणि चष्मा काढून पुसला. फेस बसल्यावर पेय रेषेच्या बरंच खाली होतं.

गुपचूप यायचं, गुपचूप प्यायचं, गुपचूप जायचं, असा आमचा बेत होता. काकांनी मॅनेजरला बोलवायला सांगितलं.

मॅनेजर आला. आमच्याच वयाचा, टाय बांधलेला, कानात ते बोलायचं यंत्र. त्यानं आधी माप बघितलं, मग शिक्का बघितला, मग काकांचा चेहरा बघितला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला की साहेब, फेस धरून माप पूर्ण होतं.

"फेस हे माप नव्हे," काका म्हणाले. "फेस हे आश्वासन आहे."

मॅनेजर म्हणाला, साहेब आधी कळवलं असतं तर. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी निवृत्त आहे. मॅनेजर म्हणाला, हो हो साहेब, समजलो, आणि कानातल्या यंत्रात कुजबुजला की साधे कपडे घालून आलेत, बरोबर घरचे असल्याचं दाखवतायत. मग त्यानं माझ्या मुकुटाकडं अशा आदरानं बघितलं की मला पहिल्यांदाच तो काढावासा वाटला नाही.

पुढचं सगळं आमच्या मनात नसताना झालं. मॅनेजर आम्हाला हात धरून आत घेऊन गेला. आत मशीन होतं. बुच त्या मशीनसमोर उभा राहिला, आणि मी लहानपणापासून ओळखत असलेला बुच मला परत दिसला. त्यानं नळीवर हात ठेवला, कान लावला, खाली वाकून सिलिंडर बघितला. मॅनेजरला वाटलं हा दुसरा अधिकारी. त्यानं घाईघाईनं तीन ग्लास काठोकाठ भरले, वर म्हणाला, हे घ्या साहेब, आणि तुमचा तो थर्मासही द्या, भरून देतो, एरवी पार्सल मिळत नाही, पण तुमची गोष्ट वेगळी.

मी प्यायलो.

आता इथं मला सगळं नीट सांगितलं पाहिजे. पहिला घोट गार लागला. दुसरा गोड लागला. तिसरा निळा लागला. मी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, नाकानं श्वास घेतला. आठवडाभराची कोरी जीभ, आणि तिच्यावर काहीच उमटेना. लहानपणी ताप आला की एक औषध द्यायचे, त्याच्या चमच्याची थोडी आठवण झाली. औषधाचीही नाही, चमच्याची. मी चौथा घोट घेतला. पुन्हा चमचा.

मी बुचकडं बघितलं. त्याचा ग्लास अर्धाच झाला होता. तो ग्लासाकडं बघतच नव्हता. दाराच्या गोल काचेतून बाहेरच्या टेबलांकडं बघत होता, त्या डोळे मिटलेल्या लोकांकडं. बराच वेळ बघत होता.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गॅस कमी आहे," तो म्हणाला.

मी थर्मास घेतला, भरलेला. मॅनेजर काकांना म्हणत होता की फेसाचं आम्ही वर कळवतो. मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. फार घट्ट लावलं. आमच्या धंद्यात झाकण सैल राहणं हे पाप आहे. बुच माझ्या शेजारी उभा राहून ते बघत होता.

परतीच्या वाटेवर काका खूश होते, त्यामुळे गाडी थोडी जोरात चालवत होते. रस्ता खराब होता. मी मागं बसलो होतो, मांडीवर थर्मास, डोक्यावर मुकुट, कारण काढायचा राहून गेला होता. माझं मन त्या चमच्यात अडकलं होतं. गल्लीला जाऊन काय सांगणार? एवढी जीभ, एवढा आठवडा, आणि उत्तर काय, तर चमचा. म्हटलं निदान वास तरी परत घेऊन बघावा. म्हणून झाकण थोडंसं सैल केलं.

नंतर काय झालं ते मी बघितलं नाही, कारण माझे डोळे भरलेले होते. झाकण छताला लागल्याचा आवाज तेवढा आला. वादळ हे नाव त्यांनी कशावरून दिलं असेल ते मला तेव्हा कळलं. काकांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, आरशातून मागं बघितलं. छत निळं, काच निळी, मी निळा. मुकुट विरघळून कानांवर आलेला. काका उतरले, मागचं दार उघडलं, फडकं काढलं आणि सीटवरच्या प्लास्टिकवरून एकदा फिरवलं. सीट कोरीच्या कोरी.

काका बराच वेळ त्या सीटकडं बघत राहिले. "काढा म्हणत होते सगळे," म्हणाले.

बुच रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसत होता. हसण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. हा माणूस जन्मापासून गॅसच्या बाटल्यांत वाढलेला. भरलेला सोडा गच्च बंद करून खड्ड्यांतून नेला आणि मग उघडला की काय होतं, हे याला सांगायला लागत नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग झाकण लावताना बोलला का नाहीस?"

"नको होतं मला ते," बुच म्हणाला. "त्यात काही नाहीये रे. तूही प्यायलास की. काही लागलं तुला?"

चमचा म्हणायला जीभ वळेना. मी मान हलवली.

मग त्यानं सांगितलं. बुच फारसा बोलत नाही, म्हणून त्याचं बोलणं मी तसंच्या तसं लिहू शकत नाही, पण मतलब असा होता. ते लोक वादळ पीत नव्हते, ते तिथं पोचल्याचं पीत होते. घरी नेता आलं असतं तर त्यांनी ते मोरीत ओतलं असतं. आमच्या इथं लोक सोडा उभ्यानं पितात, पाठ फिरवून पितात, पिशवीतून घरी नेतात आणि गॅस गेला म्हणून शिव्या देतात. म्हणजे चवीचं नंतर बघू. आधी माणूस बसला पाहिजे. हे बोलताना त्याचे हात हलत होते. मी ते हात कितीतरी दिवसांनी हलताना बघत होतो.

मी निळा बसून ऐकत होतो. समोरून मघाचा तो ट्रॅक्टर परत चालला होता. या वेळी त्यानं हात केला नाही. वेग वाढवला.

रंग पाण्यानं गेला नाही. साबणानं गेला नाही. वरच्या काकूंनी दह्यासारखं काहीतरी लावलं, त्यानं हिरवा झाला. औषधवाल्यानं मला बघून डोळे मिटले, काउंटरवर हात ठेवला, आणि विचारलं, मग, सांगता येतं का? मी म्हटलं, नाही. त्याला फार आनंद झाला.

बुचनं दुकानातली रिकामी खोकी काढून टाकली. त्या जागेत दोन स्टुलं बसली. दोनच. तिसरं बसत नाही. मग त्यानं स्वतःची एक चव काढली आणि पाटीवर लिहिलं, बसून मिळेल, नेता येणार नाही. लोक पाटी वाचून पुढं जायला लागले. दोन दिवस स्टुलांवर फक्त मी आणि वजनकाका. काका प्रत्येक वेळी फेस बसायची वाट बघायचे.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. बगलेत कागदात गुंडाळलेला नवा शर्ट. उभ्यानंच म्हणाले, एक बाटली भर, ताईसाठी घरी नेतो.

बुच म्हणाला, नेता येणार नाही.

भाऊजींना वाटलं तो थट्टा करतोय. बुचनं पाटीकडं बोट केलं. भाऊजींच्या आयुष्यात त्यांना एखादी वस्तू मिळणार नाही असं कुणी कधी सांगितलं नसावं, तेही मेहुण्यानं. ते लाल झाले. काका निमूटपणे उठले आणि स्टूल सोडलं. भाऊजींनी स्टुलाकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं, आणि बसले. बुचनं ग्लास दिला. ते प्यायले. मग पुन्हा प्यायले, हळू. माझ्याकडं वळले. माझ्या कानामागं अजून थोडा निळा होता.

"तू जिभेचा माणूस ना? हे काय आहे रे? सांग बघू."

मला माहीत होतं. पहिल्या घोटालाच ओळखलं होतं, एकेक जिन्नस सुटा सुटा, आणि त्यातला एक कुणी सोड्यात घालील असं स्वप्नातही वाटलं नसतं. आठवडाभराचं पथ्य, तो मुकुट, तो चमचा, सगळं भरून निघालं असतं. जिभेच्या टोकावर होतं. भाऊजींच्या मागं बुच उभा होता, ग्लास पुसत. तो आधीच पुसलेला होता.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "प्यायलाच पाहिजे."

भाऊजींनी ग्लास संपवला. दुसरा मागितला. मग म्हणाले, ताईला उद्या इथंच घेऊन येतो. शर्टाचं पुडकं उचललं. मशीनचं काय, असं बुचनं विचारलं तेव्हा म्हणाले, राहू दे आणखी महिनाभर, बघू. भाऊजींच्या तोंडून बघू म्हणजे जवळजवळ हो, हे बुचच्या घरात सगळ्यांना कळतं. निघताना त्यांनी पाटी पुन्हा वाचली.

ते गेल्यावर बुच माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. म्हणाला, एक कर. महिनाभर रोज संध्याकाळी येऊन बस. कुणी नसलं तरी बस, रिकामं स्टूल बघून माणूस थांबत नाही. आणि यात काय आहे ते कुणाला सांगू नकोस. आईला नाही, काकूंना नाही, पैज लावली तरी नाही.

मी त्याला म्हटलं, बसेन. आणि सांगणार नाही. इथं लिहिणारही नाही.